एका पऱ्ह्याएवढा वेळ

केशोरावांचा निरोप आला तेव्हा मी अकरावीला लंबकाची आंदोलने शिकवत होते. फोन टेबलावर थरथरत सरकला आणि पहिल्या बाकावरच्या मुली हसल्या. तास संपल्यावर मी तो वाचला.

"रीना मॅडम, गाणे दुसऱ्यांदा परत पाठवतो आहे. हाक फाटते. हाकेनंतरचे शब्द बुडतात. माझे ऐका, हाक कापून टाका, बाकीचे गाणे चांगले आहे. शनिवारी पाचपर्यंत आले तर रविवारी लावतो. त्यानंतर हा कार्यक्रम बंद होतो आहे."

तो बुधवार होता.

केशोराव रेडिओ केंद्रावर आलेली ध्वनिमुद्रणे तपासतात. माणूस सरळ आहे. पहिल्या वेळी त्यांनी लिहिले होते, "आवाज फार खाली आहे, शब्द ऐकू येत नाहीत." तेही खरे होते आणि आत्ताचेही खरे होते. फक्त हाक कापता येणार नव्हती, कारण गाणे त्या हाकेसाठीच रेडिओवर जायचे होते.

गाणे रोवणीचे. बोदलकसा तलावाच्या पलीकडच्या एका गावातल्या बाया ते गातात. शेजारशेजारच्या दोन बांध्यांत, म्हणजे पाणी भरलेल्या धानाच्या वाफ्यांत, दोन टोळ्या ओणव्याने धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, लावत असतात. अलीकडची टोळी एक कडवे म्हणते, पाण्याकडे तोंड करून, अगदी हळू. कडवे संपले की त्यांची म्होरकी कंबर सरळ करते, पलीकडच्या बांधीकडे वळते आणि हाक टाकते. हाकेत शब्द नसतो. नुसते "हूऽऽई." मग पलीकडची म्होरकी जबाब देते आणि पुढचे कडवे तिची टोळी उचलते.

अलीकडची म्होरकी म्हणजे फुलवंता उईके. पलीकडून जबाब द्यायची ती शांतीबाई. एकोणीस रोवण्या दोघींनी अशा काढल्या. दोन वर्षांपूर्वी शांतीबाईला लकवा मारला. तिचा मुलगा धनेंद्र तिला सडक अर्जुनीला घेऊन गेला. तिथे हायवेला लागून त्याचे पंक्चरचे दुकान आहे. दुकानामागच्या टिनाच्या छपरीत तिची खाट असते आणि उशाशी दिवसभर रेडिओ चालू असतो. उजवा हात गेला. बोलणे हो-नाहीवर आले आणि पुढे तेही थांबले. फुलवंता दोनदा भेटायला गेली. दोन्ही वेळा शांतीबाईने भिंतीकडे तोंड फिरवले.

मग यंदा श्रावणात फुलवंता माझ्या दारात आली होती.

"मास्तरीन, तुह्याकडे आवाज भराची मशीन हाय म्हंतेत. माही हाक रेडिओत घाल. शांतीच्या कानावर गेली पायजे."

"मोबाईलवर भरून नेऊन ऐकवली तर?" मी विचारले होते.

"तुले समजत नाई," ती म्हणाली. "हाक का हातात नेऊन देतेत? थे लांबूनच येते. मी घेऊन गेली तं म्हनल, कीव करून राहिली. आन पुन्हा तोंड फिरवल."

माझी तिरोड्याच्या घरातली मागची खोली मुळात वर्गासाठी होती. मुलांना ध्वनीच्या लाटा पडद्यावर दिसाव्यात म्हणून मी एक माइक आणि संगणकाला जोडायची पेटी घेतली. मग एक भजनमंडळ आले, मग एका शाळेची प्रार्थना आली, आणि हळूहळू खोलीच्या भिंतींना गोधड्या लागल्या. फुलवंताचे गाणे मात्र मी खोलीत भरले नाही. दोन माइक घेऊन दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले आणि रोवणी चालू असतानाच भरले. हाक फाटू नये म्हणून आवाजाची पातळी मुद्दाम खाली ठेवली. त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रण शाबूत होते. पण त्यात कडवी हाकेपेक्षा सतरा डेसिबलने खाली होती. आता रोवणी संपली होती, धान निसवायला आले होते. पुन्हा भरणे शक्य नव्हते. जे काही करायचे ते मिक्सिंगमध्येच करायचे होते.

पहिल्यांदा मी आवाजाच्या पातळीला हात न लावता गाणे पाठवले. कडवी ऐकू येईनात. दुसऱ्यांदा सगळे गाणे दहा डेसिबलने वर उचलले आणि शेवटी लिमिटर बसवला. लिमिटर म्हणजे आवाजाला छत घालणारे साधन. आवाज छताच्या वर जाऊ लागला की ते तेवढा दाबते, आणि नंतर सोडते. आत किती आवाज घालायचा, छत कुठे ठेवायचे, येणारी लाट किती आधी पाहायची आणि दाबलेला आवाज किती वेळात मोकळा करायचा, एवढीच त्याची नियंत्रणे. मला वाटले होते, मी ती नीट लावली आहेत.

गुरुवारी दुपारी फुलवंता आली. पिशवीत सुकलेले झिंगे होते. ते तिने ओट्यावर ठेवले आणि खोलीत येऊन बसली. हेडफोन लावायला ती तयार नव्हती.

"कान बंद करून कोनी गाना आयकते का?"

मी स्पीकरवर दुसरी प्रत लावली. पहिले कडवे झाले. हाक आली. फुलवंताने माझ्याकडे पाहिले.

"हे कोन हाय?"

"तुम्हीच, मावशी."

"मी? घागरीत मुंडी घालून बोंबलल्यावानी वाटून राहिली." ती पुढे ऐकू लागली. "आन नीतू कुठं गेली? तिचा पयला शब्दच नाई. चिखलात फसली का?"

नीतू तिच्या पुतण्याची बायको. शांतीबाईच्या जागी आता ती जबाब देते.

"तुमची हाक छताच्या वर जाते," मी म्हणाले, "म्हणून यंत्र ती दाबतं. पण दाबलेला हात लगेच उचलत नाही. त्याच्याखाली नीतूचाही पहिला शब्द सापडतो."

"काऊन उचलत नाई?"

"मीच तसं लावलंय. एक सेकंद घेऊन सावकाश उचल म्हणून. झटक्यात उचललं तर आवाजात खरखर येते."

"मंग तूच फसवली ना तिले."

मी तिला पडद्यावर लिमिटरचा काटा दाखवला. हाक आली की तो खाली पडत होता आणि सरपटत वर येत होता. फुलवंताने ते दोनदा पाहिले.

"हे तं धुऱ्याचं तोंड हाय," ती म्हणाली. "बांधीत पानी चढलं का तोंड खोलाचं, जादाचं पानी गेलं का बुजवाचं. तू तोंड खोललं आन घरी जेवाले गेली. मंग बांधी सुकन नाई तं काय?"

वर्गात शिकवायला याहून चांगली उपमा मला आजवर सापडलेली नाही.

"किती वेळात बुजवायचं?" मी विचारले.

"एका पऱ्ह्यात." तिने डाव्या हातात जुडी धरल्यासारखे केले, उजव्या हाताने एक रोप वेगळे केले आणि माझ्या फरशीत रोवले. "हाक सोडली का खाली वाकाचं, एक पऱ्हा लावाचा. दुसऱ्या पऱ्ह्याले जवाब येते. दुसऱ्याले नाई आला तं समजाचं, थे बाई उभ्यानं झोपली."

मी मूळ ध्वनिमुद्रण उघडले आणि मोजले. हाक संपल्यापासून नीतूचा शब्द सुरू होईपर्यंतचा वेळ, आठ हाकांनंतर आठ वेळा. शून्य पूर्णांक ऐंशी सेकंद. ब्याऐंशी. एकोणऐंशी. ऐंशी. सगळ्यांत मोठा फरक चार शतांशाचा होता. माझ्या प्रयोगशाळेतल्या लंबकाचे आकडेही इतके जवळजवळ येत नाहीत.

म्हणजे रिलीजसाठी, दाबलेला आवाज सोडायला, माझ्याकडे पाऊण सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ होता, आणि तेवढ्यात आवाज पूर्ण मोकळा व्हायला हवा होता. मी हजार मिलिसेकंदांवरून खाली येऊ लागले. पाचशेला नीतूचा शब्द अर्धा आला. तीनशेला पूर्ण आला. दीडशेला हाकेच्या शेवटी खरखर सुरू झाली. मी दोनशे ऐंशीवर थांबले.

"निंगाली," फुलवंता म्हणाली. "चिखलातून निंगाली पोरगी."

हाक मात्र अजून घागरीतच होती. कारण उघड होते. काटा दर हाकेला आठ डेसिबल खाली पडत होता. दोन-तीन डेसिबलचे काम लिमिटर कोणाला न कळता करतो. आठ मागितले तर लाटेचे डोके सपाट होते. मी सगळे ओझे त्या शेवटच्या साधनावर टाकून मोकळी झाले होते. आता मी लिमिटरच्या आधी, हाताने, एकेका हाकेची पातळी पाच डेसिबलने उतरवली. उतार हाकेच्या आधीच सुरू केला, म्हणजे तो जाणवणार नाही. काट्याला तीनच उरले. किती आधी पाहायचे ते नियंत्रण पाच मिलिसेकंदांवर होते. तिथे हाकेची सुरुवात मऊ पडत होती. शून्यावर नेले तर टिचकी ऐकू येत होती. दोनवर ठेवले. छत उणे दीडवर घेतले. केंद्राची मर्यादा उणे एकची होती, पण प्रसारणात जाताना लाट थोडी अजून वर जाऊ शकते, म्हणून अर्ध्याची जागा सोडली.

पुन्हा लावले. घागर गेली होती.

फुलवंताने पूर्ण ऐकले. तिला आवडले नाही, हे मला तिच्या पाठीवरून कळले.

"आता माहीच हाय," ती म्हणाली. "पन अंगनातल्या लेकराले जेवाले बोलवून राहिली तशी. बांधीच्या पल्याड नाई जात."

"याहून मोठी होत नाही, मावशी. वर छत आहे."

"मोठी कर, कोन म्हनलं? चूप कुठं गेली, थे सांग."

"कोणती चूप?"

"हाकेच्या पयलेची." ती उठून उभी राहिली. "कडवं झालं का साऱ्या बाया चूप होतेत. हात थांबतेत. हात थांबले का पानी थांबते. मंग हाक. थे चूप तू कुठं टाकली?"

उत्तर मला माहीत होते. कार्यक्रमाची मर्यादा तीन मिनिटांची होती. गाणे त्याहून अकरा सेकंदांनी जास्त होते. प्रत्येक हाकेआधी दीडएक सेकंद कोणी काही म्हणत नव्हते. बाया श्वास घेत असतील, असे समजून मी पहिल्याच दिवशी ते आठही तुकडे कापले होते. आणि तुकड्यांची जी टोके उरली होती, त्यांतला पाण्याचा आणि बेडकांचा आवाज सगळ्याबरोबर दहा डेसिबलने वर आला होता.

कान उंची मोजत नाही, फरक मोजतो. हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहिते.

"मी ती कापली," मी म्हणाले. "रिकामी जागा वाटली मला."

फुलवंता मला बोलेल असे वाटले. ती हसली.

"शिकलेल्या बाईले रिकामं दिसते सारं. लाव परत."

मी मूळ ध्वनिमुद्रणातून आठही चुपा परत आणल्या. कडवी वर उचललेली तशीच ठेवली, पण चूप सुरू झाली की पातळी हाताने खाली आणली, मूळच्या जागी. आता गाणे पुन्हा तीन मिनिटांच्या वर गेले. एक कडवे सोडावे लागणार होते.

"सासूचं काहाड," फुलवंता लगेच म्हणाली. "शांतीची सासू लय चांगली होती. थे कडवं आलं का तिले लाजच वाटे. 'माह्या सासूनं काय केलं वो,' म्हने, 'तुह्या सासूले गाय.'"

सात कडवी उरली, सात हाका. मी ऐकवायच्या आधीच तिने हात वर केला.

"इथं नाई. तिथं ट्रका राहतेत."

बरोबर होते. गोधड्यांच्या खोलीत काहीही चांगले वाटते. मी घरातला सगळ्यांत लहान स्पीकर काढला, तळहाताएवढा. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. मिक्सरच्या भांड्यात वाटीभर हरभऱ्याची डाळ घातली आणि बटण फिरवले. डाळ भांड्यात आदळू लागली. फुलवंता दहा पावलांवर, अंगणाच्या टोकाला, पाठ करून उभी राहिली.

मिक्सरच्या घरघरीतून कडव्याचे शब्द येत होते. सगळे नाही, पण ओळ तुटत नव्हती. मग कडवे संपले. स्पीकरमधून काहीच येईना. नुसता मिक्सर. आणि मग हाक आली. मोठी नव्हती. पण ती मिक्सरच्या आवाजात मिसळली नाही. त्याच्यावरून गेली.

अंगणाच्या टोकाला फुलवंता वाकली. तिच्या हाताने हवेत एक पऱ्हा लावला. आपण काय केले हे तिच्या ध्यानात आले तेव्हा ती वळली आणि ओरडली, "पाह्य, काय करते हा आवाज! मी मलेच जवाब देऊन राहिली!"

शनिवारी पावणेचारला मी गाणे पाठवले. चार वीसला केशोरावांचा फोन आला.

"मॅडम, हाक कापली नाहीत तुम्ही."

"नाही."



"मीटर उणे दीडच्या वर एकदाही गेला नाही. तीनदा लावून पाहिलं मी. शब्दही वर आलेत. केलंत काय?"

"चूप परत घातली."

"काय घातली?"

"हाकेच्या आधीची."

ते हसले. मग म्हणाले, "खरं सांगू? पहिली हाक आली तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं. उद्या साडेआठ. वेळेवर लावा."

रविवारी आम्ही पहाटेची पहिली बस धरली आणि गोंदियाला बदलली. सव्वाआठला सडक अर्जुनीला उतरलो. धनेंद्र एका ट्रकचे चाक खोलत होता. ट्रकचा ड्रायव्हर शेजारी चहा पीत बसला होता.

"काकी, गाना घरीच आयकली असती ना!" धनेंद्र म्हणाला. "एवढ्या दूर कायले आली?"

"तुह्या माईचं तोंड पाहाले."

"थे तं तुले पाहून फिरवते."

"म्हनूनच," फुलवंता म्हणाली आणि दुकानाच्या कडेला रचलेल्या टायरांच्या मागे जाऊन उभी राहिली. छपरीतल्या खाटेवरून ती दिसत नव्हती.

"काकी लपून राहिली," धनेंद्र मला म्हणाला. "पोलीस मांगं लागले का इच्या?"

मी छपरीच्या खांबाजवळ थांबले. शांतीबाई भिंतीला टेकून बसवलेली होती. चेहऱ्याची उजवी बाजू ओघळली होती. डोळे रस्त्याकडे होते, पण ती काही पाहत नव्हती. उशाशी रेडिओ.

साडेआठला निवेदिकेने गावाचे नाव घेतले. शांतीबाईची मान हलली नाही. कडवे सुरू झाले. रस्त्यावरून दोन ट्रक पाठोपाठ गेले आणि त्यांच्या आवाजातूनही ओळ येत राहिली. कडवे संपले. चूप. मग हाक.

शांतीबाईचे डोळे रेडिओकडे आले.

नीतूचा जबाब, दुसरे कडवे, दुसरी हाक. चादरीखालून डावा हात बाहेर आला. फुलवंता टायरांमागे दोन्ही मुठी आवळून उभी होती. ती शांतीबाईकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मी मान हलवली.

तिसरे कडवे संपले आणि नेमक्या त्या चुपीत एका ट्रेलरने हॉर्न दिला. लांब, फाटका हॉर्न. तीन दिवस मी जपलेले दीड सेकंद त्याने भरून टाकले. मी डोळे मिटले. तेवढ्यात हॉर्नच्या शेपटावरून हाक वर आली, पूर्ण, सुरुवातीपासून. मी डोळे उघडले.

शांतीबाईचा डावा हात खाटेवर उतरला. तिने चिमूट धरली आणि चादरीत एक पऱ्हा लावला. हात उचलला. दुसरा लावला.

"हूऽऽई."

शब्द नव्हता, आवाज बारीक होता, तोंडाच्या एका बाजूने निघालेला. पण तो नीतूच्या जबाबाबरोबर आला, त्याच क्षणाला. धनेंद्रच्या हातातली लोखंडी टामी खाली पडली.

"अम्मा ने आवाज़ लगाई क्या?" ड्रायव्हरने विचारले.

चौथी हाक. जबाब. पाचवीला आवाज सरळ झाला. सहावीला शेजारच्या चहाच्या टपरीवरची माणसे उठून छपरीपाशी आली. सातवीला शांतीबाईने मान वर केली, छाती भरून घेतली आणि जो जबाब दिला तो रेडिओतल्या नीतूच्या वर गेला. समोरच्या बाजूला धाब्यावर कोणीतरी ताट हातात घेऊन उभे राहिलेले मला दिसले.

निवेदिका पुढे बोलू लागली. धनेंद्रने रेडिओ बारीक केला. तो डोळे पुसत नव्हता, ग्रीसने माखलेले हात तसेच बाजूला धरून उभा होता.

फुलवंता टायरांमागून निघाली आणि खाटेसमोर येऊन थांबली.

"काऊन वो," ती म्हणाली, "सात हाका टाकल्या मी. पयल्या दोन्हीले तू झोपून होती का?"

शांतीबाईने तोंड फिरवले नाही. ओठ बराच वेळ जुळवाजुळव करत राहिले.

"थे..." ती म्हणाली, "थे पोरगी..."

"नीतू?"

"घाई... करते."

"माय बोलली!" धनेंद्र ड्रायव्हरला म्हणाला. "आयकलं का? बोलली!"

"बोलली काय, नाव ठेवून राहिली," फुलवंता म्हणाली आणि खाटेच्या काठावर बसली. "घाई करते तं तूच शिकव तिले. लावू का फोन?"

शांतीबाईने डावा हात पुढे केला. फुलवंताने तिथूनच नीतूला फोन लावला आणि तिच्या तोंडाशी धरला. पलीकडून नीतू "हॅलो, कोन?" म्हणाली. शांतीबाईने कंबर जमेल तेवढी सरळ केली. क्षणभर चूप राहिली. मग तिने त्या एवढ्याशा फोनमध्ये हाक टाकली.

पलीकडे आवाज नक्कीच फाटला असणार. फाटू दे.